कंबर, बीपी आणि शिबिरातले पाचशे कपालभाती

(वाचकाचं पत्र, थोडं कमी करून)

मॅडम, मी तासगावजवळच्या एका गावात राहते, वय ४८. सतरा वर्षं घरीच शिलाईकाम करते, ब्लाउज, ड्रेस, शाळेचे युनिफॉर्म, सीझनला दहा-दहा तास मशीनवर. दीड वर्षापासून कंबर दुखते, डाव्या पायात पार खालपर्यंत कळ जाते, अंगठ्याला मुंग्या येतात. एमआरआय काढला, कंबरेतल्या एल फोर-एल फाइव्ह मणक्यांमधली गादी सरकून नस दबतीय म्हणाले, ऑपरेशन नको, व्यायाम करा. बीपीची गोळी चार वर्षं चालू होती. मागच्या महिन्यात गावात पाच दिवसांचं योग शिबिर झालं. तिथले सर म्हणाले गोळ्या म्हणजे विष, योग करणाऱ्याला गोळी लागत नाही, म्हणून मी बंद केली. रोज पाचशे कपालभाती, आपल्या औंधच्या राजांची परंपरा म्हणून एकावन्न सूर्यनमस्कार, आणि खाली वाकून पायाचे अंगठे धरायचे. चौथ्या दिवशी चक्कर येऊन खाली बसले आणि कंबर अशी धरली की आठ दिवस उठता येईना. सर म्हणाले श्रद्धा कमी पडली. सासूबाई पण तेच म्हणतात. मिस्टरांची द्राक्षबाग आहे, ते म्हणतात योगबिग सगळी रिकाम्या लोकांची कामं. गोळी अजून बंदच आहे. योगानं आजार खरंच बरे होतात का? हे सगळं खरंच हजारो वर्षांपूर्वीचं आहे का? परत सुरू करू का कायमचं सोडू?

– एक वाचक, तासगाव तालुका

ताई,

'गोळी अजून बंदच आहे' हे वाचलं आणि मी पुढचं सगळं बाजूला ठेवलं. निरोप तुम्हाला त्याच दिवशी पाठवला होता, पण तुमच्यासारख्या अजून कितीजणी असतील म्हणून इथं परत लिहिते. बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, कुणी सांगितलं तरी नाही, मी सांगितलं तरी नाही. काही गोळ्या अशा असतात की अचानक सोडल्या तर बीपी आधी होता त्याच्याही वर उसळतो. आणि बीपी वाढला तरी बहुतेक वेळा काही जाणवत नाही, म्हणून 'मला तर बरं वाटतंय' याला काही अर्थ नसतो. डॉक्टरांना फोन करा, इतके दिवस गोळी घेतली नाही असं खरं सांगा, ते रागावतील तर रागावू दे, आणि ते म्हणतील तशी परत चालू करा. या पत्रातलं बाकी सगळं त्याच्यानंतर.

दुसरं, श्रद्धेचं. तुमची श्रद्धा कमी पडली नाही हो. कंबर दुखत असताना पहाटे उठून चार दिवस जाणारी बाई आहात तुम्ही, श्रद्धा होती म्हणूनच तर दुखत असून सुद्धा वाकत राहिलात. मी बावीस वर्षं साताऱ्यात योग शिकवते, त्यातली बरीच वर्षं आजारी माणसांनाच, आणि 'श्रद्धा कमी पडली' हे वाक्य ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण चूक शिकवणाऱ्याची आणि ओझं मात्र दुखणाऱ्याच्या डोक्यावर.

काय झालं असेल ते सांगते. मणक्यांच्या मधली गादी म्हणजे बाहेरून चिवट कडं आणि आत मऊ गर. आपण पुढं वाकलो की गादी पुढच्या बाजूला दाबली जाते आणि आतला गर मागं सरकायला बघतो, आणि नस मागच्याच बाजूला असते. ज्याची गादी आधीच मागं आलीय त्याला पाय सरळ ठेवून अंगठे धरायला लावणं म्हणजे दुखऱ्या जागेवर रोज बोट दाबणं. एका सूर्यनमस्कारात दोनदा तसंच वाकायचं असतं, म्हणजे एकावन्न नमस्कारात एकशे दोन वेळा. वर कपालभातीत पोटाला जो झटका बसतो त्यानं पोटातला दाब वाढतो, खोकल्यावर शिंकल्यावर पायात कळ जाते ना तुमच्या, तसाच तो. आणि चक्कर? भराभर श्वास टाकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानं मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं हलकं होतं, डोळ्यापुढं अंधारी येते. त्यात गोळी बंद. बीपीवाल्यांना, हार्टवाल्यांना, हर्निया असणाऱ्यांना, फिट येणाऱ्यांना, गरोदर बायकांना कपालभाती देऊच नये, हे आम्हाला शिकवताना पहिल्या काही दिवसातच सांगतात.

आता तुमचा हजारो वर्षांचा प्रश्न. मला आवडला, कारण लोक विचारत नाहीत, एक तर सगळं ऋषींनी सांगितलंय म्हणतात नाहीतर सगळं थोतांड म्हणतात.

योग जुनाच आहे, पण आजार बरा करण्यासाठी म्हणून तो सुरू झाला नाही. पतंजलींची योगसूत्रं दोनशेच्या आत आहेत, त्यात आसनावर फक्त तीन. 'स्थिरसुखमासनम्' हे त्यातलं पहिलं, म्हणजे स्थिर बसता आलं पाहिजे आणि सुखानं बसता आलं पाहिजे, बास. तिथं सगळी चर्चा मनाची आहे. आजार येतो तो साधनेतला अडथळा म्हणून, नऊ अडथळे सांगितलेत आणि त्यातला पहिला व्याधी. आता आपल्या घरात ज्ञानेश्वरीचं पारायण होत असेल तर सहाव्या अध्यायात योगाभ्यास आहेच, आणि गीतेच्या त्याच अध्यायात म्हटलंय की ज्याचं खाणं, हिंडणं, काम, झोप, जागणं मापात आहे त्याचा योग दुःख घालवतो. मापात, हा शब्द लक्षात ठेवा, परत लागणार आहे.

हे आसन अमुक रोगावर, ते तमुक रोगावर, असं जे आपण ऐकतो ते पुढं हठयोगाच्या ग्रंथांत येतं. पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेत मयूरासन पोटाच्या रोगांवर वगैरे म्हटलंय. पण त्याच ग्रंथात प्राणायामाच्या भागात काय आहे माहितीय का? सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवतात तसाच प्राण हळूहळू ताब्यात आणावा, नाहीतर तो साधकालाच मारतो. आणि लगेच पुढं, योग्य रीतीनं केलेल्या प्राणायामानं सगळे रोग जातात, चुकीच्या रीतीनं केला तर सगळे रोग उभे राहतात. म्हणजे ज्यांनी योगाचे गोडवे गायले त्यांनीच धोक्याची पाटीपण लावून ठेवली होती. तुमच्या शिबिरात गोडवे वाचले, पाटी वाचली नाही. कपालभाती तर जुन्या ग्रंथात प्राणायामात नाहीच, शुद्धीच्या सहा क्रियांत आहे, नेती, धौती, बस्ती, नौली (पोटाचे स्नायू घुसळायची क्रिया), त्राटक यांच्याबरोबर. साफसफाईचं काम ते, आणि साफसफाई कुणी दिवसाला पाचशे वेळा करत नाही.

मग आज जिला योगोपचार म्हणतात, रिपोर्ट बघून, मोजून मापून, ती गोष्ट कुठली? ती शंभर वर्षांची आहे आणि बरीचशी आपल्या महाराष्ट्रात घडलीय. मुंबईला वर्सोव्याला १९१८ साली श्री योगेंद्रांनी योग इन्स्टिट्यूट काढली, साधू व्हायला नको, घरसंसारातल्या माणसानं योग करावा म्हणून. आणि १९२४ ला लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम. स्वामी म्हणजे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, आधी बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात व्यायाम शिकले, मग माधवदासजी महाराजांकडं योग, अमळनेरला शिक्षणाचं काम केलं. या माणसानं केलं काय, तर नौली करणाऱ्याला एक्सरेखाली उभं केलं, पोटात दाब किती उतरतो ते मोजलं, आसनात बीपी किती होतो ते मोजलं आणि 'योगमीमांसा' नावाच्या त्रैमासिकात आकडे छापले. परंपरेवर एवढं प्रेम असणारा माणूस, पण 'गुरूंनी सांगितलं म्हणून' यावर थांबला नाही. मला तर योगाच्या अख्ख्या इतिहासात हा क्षण सगळ्यात मोठा वाटतो. १९२७ साली दौऱ्यात गांधीजींची तब्येत बीपीनं ढासळली तेव्हा त्यांनी स्वामींचा सल्ला घेतला होता, दोघांची पत्रं झालीत. म्हणजे बीपीवाल्यानं योगशिक्षकाला पत्र लिहायची पद्धत तुमच्यापासून सुरू झाली नाही ताई.

पुण्याचे योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार तर लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय या सगळ्यातून गेलेले. आजारी शरीर काय असतं ते त्यांना माहीत होतं, म्हणूनच खुर्ची, पट्टा, दोर, उशा, ठोकळे आले. ज्याचं शरीर आसनापर्यंत पोचत नाही त्याच्यापर्यंत आसन आणायचं. आणि त्यांचे गुरू कृष्णमाचार्य, त्यांनी आयुष्याच्या पुढच्या काळात एकेका माणसाला बघून एकेकाचा वेगळा अभ्यास ठरवायची पद्धत धरली.

औंधचंही सांगते, पुण्यातलं नव्हे, साताऱ्याकडचं जुनं संस्थान, कारण तुमच्या सरांनी राजांचं नाव घेतलंय आणि औंध माझ्या घरचा विषय आहे. आजोबा संस्थानातल्या शाळेत शिकले. सकाळी सगळी पोरं रांगेत, ॐ ऱ्हां, ॐ ऱ्हीं करत नमस्कार, ते म्हातारपणी ओसरीवर बसल्या बसल्या सुद्धा ते बीजमंत्र त्याच ठेक्यात म्हणायचे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आधी काही वर्षं सँडो या युरोपातल्या पहिलवानाच्या पद्धतीचा व्यायाम केला, मग नमस्कार धरले ते कायमचे, घरातल्यांना लावले, संस्थानातल्या शाळांत लावले, १९२८ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. तुमच्या जिल्ह्यातलं आटपाडी त्यांच्याच संस्थानात होतं, म्हणजे सांगलीकरांचाही तो वारसा आहे. पण राजेसाहेबांनी नमस्कार दिला तो निरोगी माणसाला धडधाकट ठेवायला, पोरांना, बायाबापड्यांना अंगात बळ यावं म्हणून. त्या काळात सूर्यनमस्कार व्यायामात धरायचे, योगात नाही, दोन वेगळ्या वाटा होत्या, नंतर एकत्र आल्या. सरकलेल्या गादीवरचा इलाज म्हणून तो कुणी दिलेला नाही. राजांच्या नावावर तुमची कंबर मोडणं हे राजांवर पण अन्याय आहे.

बरे होतात का, हे आता. कंबरदुखीवर योगाचा जगभर बऱ्यापैकी अभ्यास झालाय. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या कॉलेजनं २०१७ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी सांगितलं की आधी औषधाशिवायचे उपाय बघा आणि त्या यादीत योगाचं नाव आहे. त्याच वर्षी कॉक्रेननं, म्हणजे अभ्यासांचा अभ्यास करणारी संस्था आहे ती, सगळे प्रयोग एकत्र तपासले, तर तीन ते सहा महिन्यात हालचालीत थोडा ते मध्यम फायदा दिसला. थोडा ते मध्यम. चमत्कार नाही. आणि काही लोकांची कंबरदुखी योगानं वाढली हेपण त्यांनी लिहिलंय. शिवाय ते अभ्यास साध्या कंबरदुखीचे, नस दबून पायात कळ जाणाऱ्यांचे नाहीत, म्हणून तुम्हाला जास्त जपून चालायचंय. बीपीचं म्हणाल तर संथ श्वास, मिनिटाला सहाच्या आसपास, याचा परिणाम कळलेला आहे, आपल्या मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब ओळखणारी जागा असते, संथ श्वासानं ती जास्त तल्लख होते, शरीराचं सारखं 'पळ पळ' चालू असतं ते शांत होतं आणि बीपी थोडा उतरतो. थोडा. गोळीच्या जोडीला छान, गोळीच्या जागी नाही. पुढंमागं डोस कमी झाला तर डॉक्टर करतील, मी तसं झालेलं पाहिलंय, पण दर वेळी वहीतले आकडे बघून डॉक्टरांनीच केलेलं.

ताई, तुम्ही शिवणकाम करता. बाई दारात आली की तिचं माप न घेता कापड कापता का? छाती, कंबर, खांदा, बाही, आणि जुनी गिऱ्हाईक असली तरी मध्ये वर्ष गेलं असेल तर परत टेप लावता. शिबिरात शंभर जणांना एकाच मापाचा ब्लाउज शिवला. कुणाला बसला, ते खूश होऊन गेले, ते खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच बरं वाटलं असणार. तुम्हाला काखेत उसवला.

हे मी उगाच दुसऱ्याला बोलत नाहीये. माझ्या सुरवातीच्या वर्षांत एक आजी यायच्या, गुडघे दुखायचे, आणि मला शिकवलं होतं की जेवणानंतर वज्रासन सगळ्यांनी करावं, तर मी त्यांना रोज बसवायचे, 'थोडं सहन करा आजी' म्हणून. दहाव्या दिवशी गुडघा असा सुजला की त्या परत आल्याच नाहीत. मी घरी जाऊन माफी मागितली, त्यांनी चहा दिला, काही बोलल्या नाहीत. त्यानंतर मी माप घ्यायला शिकले.

आता करायचं काय. पण त्याआधी एक तपासणी, आजच. उभ्या राहून फक्त टाचांवर दहा पावलं चाला, भिंतीचा आधार घेऊन. डावा पंजा उजव्याइतका वर राहतो का? मग बसून दोन्ही अंगठे वर ओढा आणि मिस्टरांना बोटानं खाली दाबायला सांगा, डावा अंगठा सहज पडतो का? मुंग्या येणं वेगळं आणि ताकद जाणं वेगळं. ताकद कमी वाटली तर योग, मालिश, काही नाही, सांगली-मिरज हाताशी आहे, मणक्याच्या डॉक्टरांकडं जायचं. आणि बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवर ताबा राहीना तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता रात्री सुद्धा दवाखाना गाठायचा.

ते सगळं ठीक असेल, आणि तुमचे डॉक्टर किंवा फिजिओ हो म्हणाले, तर पहिले पंधरा दिवस एवढंच. जमिनीवर सतरंजी, कॉटवर नाही. पाठीवर झोपा आणि दोन्ही पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, म्हणजे मांड्या सरळ वर, गुडघे काटकोनात, डोक्याखाली पातळ उशी. कंबर आपोआप जमिनीला टेकते, तिला काही करायला लावायचं नाही. एक हात पोटावर. श्वास घेताना मनात चार आकडे, सोडताना सहा, नाकानं, आवाज न करता. चार आणि सहा दहा सेकंद होतात, म्हणजे मिनिटाला सहा झाले, वर सांगितलं ते हेच. ओढाताण वाटली तर तीन-चार करा, श्वास कुठंही कोंडून धरायचा नाही, कुंभक तुमच्यासाठी नाही. दहा मिनिटं. बास, याला आसन म्हणायचं का असं मिस्टर विचारतील, त्यांना 'स्थिरसुख' सांगा.

मग कुशीवर वळून पालथ्या व्हा, वळताना खांदा आणि नितंब एकदम, कंबर पिळायची नाही. मकरासन, हातावर कपाळ, दोन मिनिटं नुसतं पडून राहायचं. नंतर कोपरं खांद्याखाली टेकून छाती थोडी उचला, भुजंगासनाचा अर्धाच भाग, पोट आणि बेंबी जमिनीवरच. पाच संथ श्वास आणि खाली. तीनदा. आता नीट वाचा, हे महत्त्वाचं आहे. हे करताना पायातली कळ कुठं जाते त्यावर लक्ष. पोटरीतली कळ मांडीत आली, मांडीतली कंबरेत आली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल, ती कळ घरी परत निघालीय. पण कळ खाली उतरायला लागली, पावलाकडं, अंगठ्याकडं, तर तिथंच थांबायचं, त्या दिवशी परत नाही. तुमचं माप कुठलाही मास्तर बाहेरून एवढं बरोबर घेऊ शकत नाही, ते तुम्हालाच कळणार.

शेवटी शवासन, गुडघ्याखाली गुंडाळलेलं पांघरूण किंवा लोड ठेवून. लोक याला झोप समजतात. माझ्याकडं एक निवृत्त शिक्षिका येतात, बीपी, झोप नाही, मानेत गोळा. शवासनात झोपल्या तरी दोन्ही मुठी आवळलेल्या. मी बोटं उघडून द्यायचे, मिनिटभरात परत आवळायच्या, त्यांना कळायचं पण नाही. मी काही बोलले नाही, नुसतं रोज म्हणायचे की श्वास सोडताना तळहात जड होऊ दे. बाराव्या का तेराव्या दिवशी बघते तर बोटं उघडी, अंगठा बाजूला पडलेला, आणि बाई गाढ झोपलेल्या. बीपी काही त्याच दिवशी उतरला नाही, पण त्या म्हणाल्या की चाळीस वर्षांत पहिल्यांदा खडू खाली ठेवल्यासारखं वाटलं. तुमच्यापण बोटांकडं बघा, सतरा वर्षं कापड सुईखाली सरकवणारी बोटं आहेत ती, त्यांना सोडायला वेळ लागेल.

रात्री झोपायच्या आधी पाच-सात वेळा भ्रामरी करायला हरकत नाही, भुंग्यासारखा बारीक आवाज, कान जोरात दाबायचे नाहीत. पंधरा दिवस कळ वाढली नाही तर मग सेतुबंधासन, पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, कंबर चार बोटंच उचलायची, त्यानंतरचं तेव्हा बघू. पुढं वाकून अंगठे धरणं, पश्चिमोत्तानासन, हलासन, सर्वांगासन, शीर्षासन, कपालभाती, भस्त्रिका, हे सगळं तुमच्यासाठी आत्ता बंद, आणि यातली काही कायमची बंद राहिली तरी काही बिघडत नाही, मोक्ष अडत नाही त्यानं.

आणि मशीन. दिवसाला वीस मिनिटं योग आणि दहा तास वाकून शिलाई, कोण जिंकणार सांगा. बॉबिन संपली की उठायचं, हा नियम करा, बॉबिन भरायची ती उभ्यानं. स्टुलाऐवजी पाठ असलेली खुर्ची, मशीन इतकं उंच की मान पडणार नाही. पायाचं मशीन असेल तर मोटार बसवून घ्या, त्याला जे पैसे जातील ते औषधाचेच समजा. खाली पडलेलं कापड कंबरेतून वाकून नाही, एक गुडघा टेकून उचला. युनिफॉर्मच्या सीझनला एखादी मुलगी मदतीला घ्या.

शिक्षक शोधताना बघायचं काय तर त्यांनी पहिल्या दिवशी आसन शिकवायच्या आधी तुम्हाला किती प्रश्न विचारले. आजार कुठले, गोळ्या कुठल्या, रिपोर्ट आहे का, झोप कशी, काम काय. आयुष मंत्रालयाचं योगा सर्टिफिकेशन बोर्ड आहे, त्यात योग शिकवणाऱ्यांच्या परीक्षा वेगळ्या आणि थेरपीच्या वेगळ्या, तर 'तुमची कुठली झालीय' असं विचारायला लाजू नका. दुखतंय म्हटल्यावर जो थांबवतो तो चांगला. डॉक्टरांचं औषध बंद करायला जो सांगतो त्याच्याकडं परत जायचं नाही, त्याची दाढी कितीही पांढरी असली तरी.

मिस्टरांवर रागावू नका, त्यांनी आठ दिवस तुम्हाला उचलून बसवलंय, त्यांना योग म्हणजे तेवढाच दिसला. त्यांना वाद घालून पटणार नाही. त्यांना सांगा की एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी सगळ्या बागांना एकाच तारखेला, एकाच डोळ्यावर करता का, वेल बघूनच करता ना, मग हेपण तसंच. आणि त्यांना एक काम द्या, रात्री आकडे मोजायचं, चार आणि सहा, त्यांनी हळू आवाजात मोजायचं आणि तुम्ही श्वास घ्यायचा. सासूबाईंना बीपी असेल तर त्यांना पण शेजारी खुर्चीत बसवा, नुसत्या श्वासाला, त्यांना श्रद्धा आहेच.

एक वही करा. सकाळी उठल्यावर पाच मिनिटं शांत बसून बीपी, रात्री परत, जवळ मशीन नसेल तर आठवड्यातून दोनदा आरोग्य केंद्रात मोजून घ्या. शेजारच्या रकान्यात कळ कुठपर्यंत गेली ते, कंबर, मांडी, पोटरी, पाऊल, एका शब्दात. पंधरा दिवसांनी ती वही घेऊन आधी डॉक्टरांकडं जायचं आणि मग मला पाठवायची. टाचांवर चालून बघितल्यावर डाव्या अंगठ्याचं काय झालं ते मात्र पंधरा दिवस थांबू नका, उद्याच कळवा.